न सुरू होणारे इंजिन : सावित्री खोऱ्यातील नौकानयनाचा उत्तरकाल

महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावून पोलादपूरच्या अरुंद खोऱ्यातून उतरणारी आणि महाडपाशी गांधारीला सोबत घेऊन बाणकोटजवळ समुद्राला मिळणारी सावित्री ही नौकानयनाच्या दृष्टीने एक नदी नसून दोन नद्या आहेत. महाडच्या वर ती खडकाळ, उथळ आणि पावसाळ्याखेरीज जवळजवळ निरुपयोगी असते, तर महाडच्या खाली ती खाडी होते, म्हणजे तिच्या पाण्याची दिशा आणि उंची डोंगर ठरवत नाही, समुद्र ठरवतो. या दोन नद्यांचा सांधा महाड येथे असल्यामुळेच तेथे बंदर झाले. घाटावरून वरंध्याच्या वाटेने उतरलेला बैलांवरचा माल तेथे होडीत चढे आणि मीठ, नारळ, सुकी मासळी असा किनाऱ्यावरचा माल तेथूनच बैलांच्या पाठीवर जाई. गावाशेजारच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी पाहता ही वाट इसवी सनाच्या पहिल्या शतकांपासून वाहती होती असे मानण्यास जागा आहे, कारण लेणी खोदविण्याइतके धन आडवाटेला साचत नाही.

या जलमार्गाचे पहिले इंजिन म्हणजे भरती. तांडेल, म्हणजे गलबताचा किंवा मचव्याचा मुख्य नाविक, बाणकोटला भरती लागण्याची वाट पाही आणि दुपारी समुद्राकडून वाहणाऱ्या खाऱ्या वाऱ्याची साथ मिळाली की शीड उभारून पाण्याबरोबर वर येई. परतीला ओहोटी आणि पहाटेचे मतलई वारे, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे वारे, हेच काम उलट दिशेने करीत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक चढते, त्यास उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमारास कमी चढते, त्यास भांग म्हणतात. उधाणाच्या दिवशी महाडपर्यंत येणारी होडी भांगाच्या दिवशी दासगावलाच थांबे. त्यामुळे मोठी गलबते दासगावला माल उतरवीत आणि तेथून पुढे तो लहान होड्यांतून जाई. ही व्यवस्था मंद होती, पण तीत एक गोष्ट कधीच घडत नसे : भरती चालू होण्यास नकार देत नसे.

खाडीचे हे महत्त्व परकीयांना लवकर कळले. 1755 मध्ये कमोडोर जेम्सच्या आरमाराने बाणकोटचा हिंमतगड आंग्र्यांकडून घेतला, इंग्रजांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले, आणि 1756 च्या तहात विजयदुर्ग पेशव्यांकडे जाऊन बाणकोट व त्याच्या आसपासची काही गावे इंग्रजांकडे राहिली. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकल्यावर दुसरा बाजीराव महाडमार्गेच किनाऱ्याकडे गेला आणि पुढे समुद्रमार्गे वसईस पोहोचला. त्या वर्षअखेरीस झालेला वसईचा तह सर्वपरिचित आहे, परंतु त्या पळाची वाट डोंगरातून खाडीकडे उतरणारी होती, ही भौगोलिक बाजू सहसा दुर्लक्षिली जाते.

वाफेचे इंजिन या पाण्यावर आले तेव्हा त्याने भरतीला हटविले नाही, तिच्याशी तडजोड केली. कोकणच्या बोलीत समुद्रावरची मोठी आगबोट ती ‘बोट’ आणि खाडीत शिरणारी लहान ती ‘लाँच’ असा भेद रूढ झाला, तो या तडजोडीचाच भाषिक अवशेष होय : बोट मुखाशी थांबे, आतले पाणी लहान नावेचे. या मार्गाचा सर्वांत लक्षणीय प्रवास डिसेंबर 1927 मधला आहे. महाडच्या चवदार तळ्यावरील मार्चमधील सत्याग्रहानंतर दुसरी परिषद भरविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी 24 डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतरवरून मोटारींनी येणारा नेहमीचा मार्ग त्यांनी टाळला होता. हरिहरेश्वरावरून खाडीत शिरून ही मंडळी 25 तारखेस दुपारी दासगावला उतरली, तेथे जमलेल्या हजारो लोकांनी त्यांचे स्वागत केले आणि तेथून महाडकडे प्रस्थान झाले. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. रस्त्यावर मोटारवाल्याची मर्जी चालते, पाण्यावर ती चालत नाही, एवढे तरी या प्रवासातून दिसते.

त्यानंतरच्या दशकांत हा जलमार्ग क्षीण होत गेला, आणि त्याची कारणे फारशी गूढ नाहीत. महाडजवळ सावित्रीवर 1928 मध्ये बांधलेला दगडी कमानींचा पूल, पुढे राष्ट्रीय महामार्ग झालेली मुंबई-गोवा सडक, खाडीत साचत गेलेला गाळ आणि 1990 च्या दशकात वीर, सापे-वामने, करंजाडीवरून धावू लागलेली कोकण रेल्वे यांनी मिळून बंदराचे काम संपविले. खाडीत राहिले ते मासेमार, हातपाटीने, म्हणजे बुडी मारून पाटीने वाळू काढणारे मजूर, आणि मुखाजवळ बागमांडला-वेसवी दरम्यान वाहने नेणारी फेरीबोट, जिला प्रवासी ‘जंगल जेटी’ म्हणतात.

याच उतरत्या काळात बाहेरून बसविण्याचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, येथे आले. नावेच्या पोटात बसविलेल्या डिझेल इंजिनाला इनबोर्ड म्हणतात. त्याउलट आउटबोर्ड हे नावेच्या पाठफळीवर स्क्रूने आवळून लटकविलेले असते, त्याचे डोके वर, मधला दांडा खाली आणि टोकाशी पाण्यात प्रोपेलर, म्हणजे पंखा. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड याने अमेरिकेतील मिलवॉकी येथे 1909 मध्ये दीड अश्वशक्तीचे असे इंजिन बाजारात आणले. ते सुमारे 28 किलो वजनाचे होते आणि हाताने फिरवून सुरू करावे लागे. पुढे चाकावर दोरी गुंडाळून ओढण्याची पद्धत आली, त्यानंतर ओढल्यावर आपोआप आत जाणारी दोरी आली. यामाहाने 1960 मध्ये या क्षेत्रात पाऊल टाकले, आणि 1980 च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर जपानी आउटबोर्ड पारंपरिक होड्यांवर झपाट्याने पसरले. तेथे ती रॉकेलवर चालविली जात. पेट्रोलवर सुरू करावयाची, तापल्यावर रॉकेलवर वळवावयाची आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावयाची, अन्यथा कार्बुरेटरमध्ये रॉकेल राहून दुसऱ्या दिवशी दोरी ओढणाऱ्याचा खांदा निखळे. महाराष्ट्रात मात्र मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा मुख्य भर इनबोर्ड डिझेलवर राहिला आणि आउटबोर्ड खाडीतल्या लहान होडीपुरते मर्यादित झाले.

जुने आउटबोर्ड बहुधा द्विघात, म्हणजे टू-स्ट्रोक, असते : दट्ट्याच्या एका वर-खाली फेरीत त्याचे सारे चक्र पुरे होते आणि वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. महाड-पोलादपूरच्या कारागिरांना हे नवीन नव्हते, कारण राजदूत मोटारसायकल आणि चेतक स्कूटर यांची यंत्ररचना याच कुळातली, आणि पेट्रोल पंपावर टू-टी ऑइल मापून घालून घेण्याची सवय गावोगाव होती. म्हणूनच खाडीवरच्या दुरुस्तीची परिभाषा गॅरेजमधूनच आली. ठिणगीला तेथे ‘करंट’ म्हणतात, कार्बुरेटरच्या बारीक छिद्रातील अडथळ्याला ‘कचरा’, आणि पेट्रोलने भिजून निकामी झालेल्या स्पार्क प्लगला ‘प्लग ओला झाला’ म्हणतात. फरक एवढाच, की स्कूटर किकने सुरू न झाल्यास ढकलता येते. होडीला ती सोय नाही.

सुरू न होणाऱ्या इंजिनाची परीक्षा ज्या क्रमाने होते, तो क्रम या कारागिरीचा गाभा होय. प्रथम तपासावयाच्या त्या यंत्राच्या बाहेरच्या गोष्टी : गिअर न्यूट्रलमध्ये आहे की नाही, कारण अनेक इंजिनांत तसे नसल्यास सुरू होण्यावर अडसर असतो, इंजिन बंद करणाऱ्या स्विचची चाप जागेवर आहे की नाही, टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडला आहे की नाही. हा शेवटचा स्क्रू फसवा असतो, कारण तो बंद असतानाही इंजिन सुरू होते, आणि टाकीत निर्वात निर्माण होऊन पेट्रोल येणे थांबले की चार-दोन मिनिटांनी मध्येच, नेमके पात्राच्या मध्यावर, बंद पडते. त्यानंतर पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबून पाहतात. तो काही दाबांत घट्ट होत नसेल तर नळीत कोठेतरी हवा शिरते आहे, आणि बहुधा ती जोडणीच्या झिजलेल्या रबरी कड्यातून शिरते.

इतके करूनही दोरीला प्रतिसाद नसेल, तर आठ-दहा वेळा ओढून प्लग बाहेर काढावा, आणि येथे कारागीर बोलणे थांबवून पाहू लागतो. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, सबब दोष कार्बुरेटरकडे. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोहोचते पण पेटत नाही, सबब एक तर चोक, म्हणजे थंड इंजिनाला अधिक पेट्रोल देण्यासाठी हवा रोखणारी झडप, फार वेळ ओढली गेली, नाही तर करंट नाही. चोकचा अतिरेक असेल तर प्लग बाहेर ठेवून, चोक आत ढकलून काही वेळा दोरी ओढली की साचलेले पेट्रोल उडून जाते. करंट तपासण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवितात आणि सावलीत, पेट्रोलच्या वाफेपासून दूर, ठिणगी पाहतात. ती निळसर व तडतडणारी हवी, पिवळट व मुकी नको. जुन्या यंत्रांत हा करंट मॅग्नेटो देतो, म्हणजे वरच्या जड चाकातील चुंबक गुंडाळीजवळून फिरताना वीज निर्माण करतात आणि चाकाखालचे ‘पॉइंट’, म्हणजे उघडझाप करणारे दोन संपर्क, ती नेमक्या क्षणी तोडतात. चाक जेवढे जलद तेवढी ठिणगी बलवान, म्हणूनच दोरी हळूहळू कितीही वेळा ओढली तरी उपयोग नसतो. आधी ताण येईपर्यंत सावकाश आणि मग एका झटक्यात, हे तंत्र पोरे मोठ्यांकडे पाहून शिकतात. खाऱ्या हवेत पॉइंटवर हिरवट थर चढतो, आणि बारीक पॉलिशपेपरची एक हलकी घासणी पुष्कळदा नव्या सुट्या भागाचे काम करते. पेट्रोल व करंट दोन्ही ठीक असतील तर उरतो तो दाब, म्हणजे सिलिंडरमधील हवा दाबली जाण्याची क्षमता. दोन सिलिंडरच्या इंजिनात दाबाचा आकडा किती आहे यापेक्षा दोहोंत तफावत किती आहे हे अधिक बोलके ठरते, आणि ती मोठी असली तर कड्या झिजल्या असे समजून यंत्र खोलावे लागते.

तथापि या सर्व दोषांची बारकाईने मोजदाद केली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते : झिजेने होणारे दोष थोडे आहेत, पडून राहिल्याने होणारे पुष्कळ. कार्बुरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे तेलाचा चिकट, वार्निशसारखा थर उरतो, जो केसाएवढे छिद्र बुजवितो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा ओढून घेते आणि प्रमाणाबाहेर पाणी शोषल्यावर तळाशी वेगळा थर धरते, त्यामुळे आता हा रोग पूर्वीपेक्षा लवकर जडतो. कोकणात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणजे वर्षातील सर्वांत दमट काळ हाच इंजिनाच्या विश्रांतीचा काळ ठरतो.

महाडच्या बाबतीत या विश्रांतीला भयंकर अर्थ आला, कारण बंदर संपल्यावर या गावाला होडीची गरज फक्त एकाच प्रसंगी उरली. महाबळेश्वरावर पडलेला पाऊस आणि खाडीत चढलेले उधाण यांची वेळ जुळली की नदीला समुद्राकडे वाट मिळत नाही. जी भरती पूर्वी गलबते वर आणी, तीच आता पुराचे पाणी बाजारपेठेत कोंडते. जुलै 2005 मध्ये महाड बुडाले आणि तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री 1928 चा तो पूल दोन एसटी गाड्या व इतर वाहनांसह वाहून गेला आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी बोटी, आउटबोर्ड लावून, गढूळ व मगरींचा वावर असलेल्या पाण्यात शोध घेत फिरल्या. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला, 22 तारखेस तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि सुतारवाडी येथेही डोंगर खचला, महाड पाण्याखाली असल्याने मदतीच्या वाटा बंद झाल्या, आणि ज्या गावी एकेकाळी गलबते नांगरत त्या गावी बोट रस्त्याने यावी लागली. पोलादपूरकडे तर बोट पोहोचूनही अडचण सुटत नाही, कारण तेथील पात्रात प्रोपेलर दगडावर आदळतो. जुन्या इंजिनात अशा वेळी पंख्याची मऊ धातूची पिन मुद्दाम तुटेल अशी ठेवलेली असते, म्हणजे आतले गिअर वाचतात, इंजिन गर्जत राहते आणि बोट मात्र प्रवाहाबरोबर मागे जाते.

या अनुभवानंतर पावसाळ्यात बचाव पथक महाडमध्येच ठेवण्याची पद्धत पडली. यंत्राच्या दृष्टीने पाहता पथकाच्या मुक्कामाइतकेच महत्त्व त्या मुक्कामात इंजिन किती वेळा चालविले जाते याला आहे. त्यासाठी नदी लागत नाही. लोखंडी पिंप पुरते. प्रोपेलर व त्यावरील पाणी ओढणारे छिद्र बुडेल इतके पाणी पिंपात भरून इंजिन आठवड्यातून एकदा काही मिनिटे चालवितात, बाजूने बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार अखंड आहे याची खात्री करतात, आणि शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्बुरेटर रिता होईपर्यंत ते चालू ठेवून आपोआप बंद पडू देतात. कोरडे चालविले तर पाणी ओढणारे रबरी चक्र काही क्षणांत जळते. पिंपातले पाणी मात्र गोडे हवे, आणि ते खाडीतून घेता येत नाही. दासगावच्या खाली भरतीबरोबर खार वर येते, म्हणून ते विहिरीतून किंवा नळावरून भरावे लागते.