एका खेळाची मूळ संहिता



जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांत आयुष्य घालविलेल्या माणसाने संगणकावरील एका खेळाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मलाही ते वाटले. परंतु माझ्या नातवाने 'डूम' या अमेरिकी खेळाची हकीकत सांगितली, तेव्हा तीत मला माझ्याच विषयातील एक जुना प्रश्न दिसला. तो असा की, ग्रंथ सर्वांना खुला केला एवढ्याने तो टिकतो काय?

टेक्सासमधील 'इड सॉफ्टवेअर' या लहानशा कंपनीने हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. त्याचा नऊ प्रवेशांचा पहिला भाग फुकट वाटला जाई आणि पुढचे भाग विकत घ्यावे लागत. खेळ हिंस्र आहे, आणि त्याच्या अभिरुचीचे समर्थन करण्यास मी येथे उभा नाही. माझे लक्ष वेधले ते त्याच्या रचनेने. मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी खेळ चालविणारे यंत्र आणि खेळातील सामग्री, म्हणजे भिंती, चित्रे, ध्वनी, नकाशे, ही वेगवेगळ्या फायलींत ठेवली होती. रंगमंच एक आणि पडदे निराळे, असा हा प्रकार. साहजिकच १९९४ सालीच हौशी मंडळींनी नकाशे बदलण्याची साधने तयार केली आणि आपापले प्रवेश रचून ते एकमेकांत वाटण्यास प्रारंभ केला. या उद्योगास 'मॉडिंग' म्हणतात. १९९६ मध्ये निघालेल्या 'फायनल डूम'मध्ये तर अशाच एका हौशी गटाचे, 'टीम टीएनटी'चे, काम कंपनीने स्वतः विकत घेऊन समाविष्ट केले.

तथापि यंत्र मात्र बंदच होते. त्यात एका दृष्टिक्षेपात दिसणाऱ्या जमिनी आणि छते यांच्या नोंदीसाठी १२८ जागांचा तक्ता होता. कोणी हौसेने भव्य दालन रचले आणि ती मर्यादा ओलांडली, की खेळ बंद पडे. दोष कोठे आहे हे कळत असूनही तो दुरुस्त करता येत नव्हता.

२३ डिसेंबर १९९७ रोजी कारमॅक यांनी यंत्राची मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड, लोकांच्या स्वाधीन केली. ती पूर्ण नव्हती. मूळ खेळातील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा असल्यामुळे तो देता येईना. म्हणून लिनक्ससाठी केलेली आवृत्ती देण्यात आली. सोबतच्या निवेदनात कर्त्याने आपल्या चुका मोकळेपणाने सांगितल्या आहेत. दृश्य काढण्यासाठी त्यांनी सगळा नकाशा रेषांनी पुनःपुन्हा दुभागून त्याची वृक्षासारखी मांडणी केली होती. हालचाल आणि नजरेचा टप्पा तपासण्यासही तोच वृक्ष उपयोगी पडला असता, हे त्या वेळी सुचले नाही आणि तो भाग गचाळ झाला, अशी त्यांची कबुली आहे. आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी अशी एखादी कबुली मागे ठेवली असती, तर आम्हां संपादकांची किती भांडणे मिटली असती!

लागलीच कामे सुरू झाली. १९९८ मध्ये टीम टीएनटीने 'बूम' ही आवृत्ती काढून त्या जुन्या मर्यादा उठविल्या. परंतु १९९७ च्या परवान्यात एक उणीव होती. व्यापार करू नये एवढे त्यात होते. आपण केलेला बदल इतरांना दाखविलाच पाहिजे, असे बंधन नव्हते. एका प्रोग्रामरने नव्या त्रिमिती कार्डांवर चालणारी 'जीएल-डूम' नावाची सुंदर आवृत्ती केली. तयार खेळ लोकांना मिळाला. संहिता एकट्या त्याच्याजवळ राहिली. त्याच्या संगणकाची हार्ड डिस्क बिघडली आणि ती त्या वेळी हातची गेली.

हे ऐकताना मला माझ्या संशोधनकाळातील एक घर आठवले. तेथे एक महानुभाव पोथी मला पाहावयास मिळाली, परंतु उतरवून घेण्याची परवानगी मिळाली नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले होते, आणि त्या लिपीची किल्ली विद्वानांच्या हाती विसाव्या शतकाच्या आरंभी आली. तेव्हा अशा पोथीचे मोल मी जाणत होतो. दहा वर्षांनी पुन्हा गेलो, तो पोथीच्या जागी वाळवीची माती होती. यजमान त्याबद्दल बोलेनात आणि मलाही विचारवेना.

जीएल-डूमच्या हानीनंतर परवाना बदलण्याची मागणी झाली, आणि १९९९ मध्ये तीच संहिता 'जनरल पब्लिक लायसन्स' या परवान्याखाली पुन्हा देण्यात आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली आणलेल्या या परवान्याची अट अशी की, बदललेली आवृत्ती जो वाटेल त्याने तिची संहिताही दिली पाहिजे. चित्रे आणि नकाशे यांचे हक्क मात्र कंपनीकडेच राहिले. म्हणजे दान यंत्राचे झाले, नाटकाचे नव्हे. आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही.

पुढे या संहितेच्या शाखा झाल्या. एका बाजूस बूमच्या वाटेने दुरुस्त्या आणि भर घालणाऱ्या आवृत्त्या आल्या. दुसऱ्या बाजूस २००५ मध्ये 'चॉकलेट डूम' आली. तिच्या कर्त्यांनी मूळचे दोष जाणूनबुजून तसेच ठेवले आहेत. याचे कारण विचारता नातवाने मला एक प्रयोग दाखविला. खेळाडूने दाबलेल्या कळांची नोंद करून १९९४ च्या सुमाराचे जुने डाव जतन केलेले आहेत. यंत्रातील एखादी चूक सुधारली, की त्या नोंदी चुकतात आणि खेळाडू भलत्याच भिंतीवर आपटत राहतो. चॉकलेट डूममध्ये मात्र तो डाव जसाच्या तसा शेवटास गेला. १२८ ची मर्यादाही तिथे अजून आहे.