समवयस्कांचे न्यायालय : अमेरिकेतील ‘टीन कोर्ट’

दुकानातून वस्तू उचलणे, शाळेत मारामारी करणे, सार्वजनिक भिंती विद्रूप करणे अशा किरकोळ गुन्ह्यांत प्रथमच सापडलेल्या मुलावर गुन्हेगारीचा कायमचा शिक्का बसू नये, या हेतूने अमेरिकेत ‘टीन कोर्ट’ ही व्यवस्था उभी राहिली. टेक्सास राज्यातील ओडेसा येथे १९८३ साली सुरू झालेला उपक्रम तिचा आदर्श मानला जातो. १९९० च्या दशकात तिचा देशभर वेगाने प्रसार झाला.

या न्यायालयात बहुधा दोषनिश्चिती होत नाही. मुलाने गुन्हा आधीच कबूल केलेला असतो आणि त्याच्या व पालकांच्या संमतीनेच प्रकरण येथे येते. निर्णय करायचा असतो तो शिक्षेचा. वकील आणि ज्यूरी या भूमिका प्रशिक्षण घेतलेली शाळकरी मुलेच पार पाडतात. न्यायाधीशाच्या आसनावर बहुतेक ठिकाणी प्रौढ व्यक्ती असते. काही ठिकाणी तेथेही किशोर बसतात. समाजसेवा, माफीपत्र, निबंधलेखन, नुकसानभरपाई असे शिक्षेचे स्वरूप असते. पुढील प्रकरणांत ज्यूरी म्हणून बसणे हाही अनेकदा शिक्षेचाच भाग असतो. काल ज्याचा निवाडा झाला, तो आज दुसऱ्याचा विचार करतो. शिक्षा पूर्ण केल्यास आरोप सामान्यतः रद्द होतो. अन्यथा प्रकरण नेहमीच्या बाल न्यायालयाकडे परत जाते.

अर्बन इन्स्टिट्यूटने २००२ साली चार राज्यांतील अशा उपक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांत पुन्हा गुन्ह्याकडे वळलेल्यांचे प्रमाण अलास्कात ६ टक्के, तर नेहमीच्या प्रक्रियेतून गेलेल्यांत २३ टक्के होते. मिसुरीत हेच प्रमाण अनुक्रमे ९ आणि २८ टक्के आढळले. मेरीलँडमध्ये मात्र असा लाभ दिसला नाही. तेथे तुलनेसाठी घेतलेल्या मुलांनाही पोलिसांच्या सुधारणा उपक्रमातून तशाच सेवा मिळत होत्या. एरवी समज देऊन सोडली गेली असती अशी मुलेही या प्रक्रियेत ओढली जातात, हा टीकाकारांचा आक्षेपही विचारात घ्यावा लागतो.

भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाचे प्रकरण दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्त्यांच्या बाल न्याय मंडळापुढे चालते. समुपदेशन आणि समाजसेवा यांची तरतूद या कायद्यातही आहे. समवयस्कांच्या ज्यूरीची नाही.