राष्ट्रीय फुटबॉल लीग, २००५-०६
राष्ट्रीय फुटबॉल लीगचा २००५-०६ हा दहावा हंगाम होय. यात प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेड संघाने विजेतेपद मिळवले. कोलकात्याचा ईस्ट बंगाल संघ उपविजेता ठरला.

१९९६-९७ चा पहिला हंगाम पंजाबच्या जेसीटी संघाने जिंकला होता. त्यानंतरची सर्व विजेतेपदे कोलकाता व गोवा येथील संघांकडेच गेली होती. ही मक्तेदारी या हंगामात मोडली. २००५ चा फेडरेशन चषकही महिंद्रा युनायटेडनेच जिंकला होता.

२००६-०७ च्या हंगामानंतर या स्पर्धेची जागा आय-लीगने घेतली. त्यामुळे महाराष्ट्रातील संघाचे या स्पर्धेतील हे एकमेव विजेतेपद ठरले. १९६२ मध्ये स्थापन झालेला हा संघ २०१० मध्ये विसर्जित करण्यात आला.