मृदसंधारणाचे अनुदान आणि जमिनीचा मालक : सिमॅरॉन काउंटीच्या संदर्भात

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्याच्या अगदी पश्चिम टोकाला सिमॅरॉन ही कोरडवाहू काउंटी आहे. जमिनीची धूप थांबविण्यासाठी शासनाने दिलेला पैसा अशा प्रदेशात नेमका कोणाच्या हाती पडला, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९२० च्या दशकात या पट्ट्यातील मूळचे गवताळ माळ ट्रॅक्टरने फोडून गहू पेरण्यात आला. पेरणीपुरते येऊन पुन्हा शहरात परतणाऱ्या मालकांना तेथे ‘सूटकेस शेतकरी’ असे म्हणत. पुढे अवर्षण आले आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर गेली. १४ एप्रिल १९३५ चे वादळ ‘काळा रविवार’ म्हणून ओळखले जाते. धुळीतून घराकडे धावणाऱ्या बापलेकांचे आर्थर रॉथस्टीन यांचे १९३६ मधील प्रसिद्ध छायाचित्र याच काउंटीतील आहे. १९३० साली ५,४०८ असलेली येथील लोकसंख्या १९४० मध्ये ३,६५४ वर आली.

१९३३ च्या कायद्याने पेरा कमी करणाऱ्यास पैसे देण्यास आरंभ झाला; हेतू उघडपणे भाव सावरण्याचा होता. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरविली. दोन महिन्यांच्या आतच नवा कायदा आला. आता जमिनीचा कस घटविणाऱ्या पिकांऐवजी तो राखणारी पिके घेणाऱ्यास तोच धनादेश मिळू लागला. मृदसंधारण हे निव्वळ निमित्त होते, असे मात्र म्हणता येणार नाही. ह्यू बेनेट यांनी धुपीचा प्रश्न त्याआधी कित्येक वर्षे लावून धरला होता आणि मृदसंधारणाचा स्वतंत्र कायदा एप्रिल १९३५ मध्येच संमत झाला होता. परंतु दोन हेतू एकत्र आल्याने धनादेशाची वाट बदलली नाही. दक्षिणेकडील कापसाच्या पट्ट्यात पेरा घटताच मालकांनी वाटेकऱ्यांना जमिनीवरून काढले. १९३४ मध्ये आर्कान्सामधील टायरोंझा येथे स्थापन झालेली कुळांची संघटना या अन्यायातूनच उभी राहिली. सिमॅरॉनमध्ये कापसाचे वाटेकरी नव्हते. पण गैरहजर मालक आणि खंडाने कसणारा यांच्यातील अंतर तेथेही होतेच.

१९५६ च्या ‘सॉइल बँक’ योजनेत संपूर्ण शेत पडीक ठेवता येत असे. मालक घरबसल्या पैसे घेई. बियाणे, इंधन, यंत्रदुरुस्ती यांवर जगणाऱ्या गावच्या दुकानदारांचे गिऱ्हाईक मात्र तुटे. १९८५ च्या कायद्यात या अनुभवाचे पडसाद स्पष्ट दिसतात. धूपप्रवण जमिनीवर १० ते १५ वर्षे गवत अथवा झाडे राखण्याच्या बदल्यात वार्षिक भाडे आणि लागवडीचा निम्मा खर्च देण्याचे ठरले. त्याचबरोबर एका काउंटीतील लागवडीयोग्य जमिनीपैकी २५ टक्क्यांहून अधिक जमीन, स्थानिक अर्थव्यवस्थेस बाधा येणार नसेल तरच, योजनेत घ्यावी, असे बंधन घातले गेले. कुळांना रकमेत न्याय्य वाटा मिळावा, अशीही तरतूद होती. माझ्या मते हे २५ टक्क्यांचे कलमच सर्वांत बोलके आहे. मालकाचे हित आणि गावाचे हित एक नव्हे, याची कबुली कायद्यानेच दिलेली आहे.

२००७ मध्ये देशभरात सुमारे ३ कोटी ६७ लाख एकर जमीन या योजनेत होती. पुढे धान्याचे भाव चढले, करार संपत गेले आणि अनेक मालकांनी ते पुन्हा केले नाहीत. २०१४ च्या कायद्याने क्षेत्राची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने २ कोटी ४० लाख एकरांवर आणली आणि २०१८ मध्ये ती २ कोटी ७० लाखांपर्यंत वाढविण्याचे ठरले. २०२० च्या जनगणनेत सिमॅरॉनची लोकसंख्या २,२९६ भरली.