मेथीदाण्याचे वजन

भारतीय स्वयंपाकात मेथीदाणे चिमटीने मोजले जातात. लोणच्याच्या मसाल्यात, सांबाराच्या पुडीत, बंगालच्या पाँचफोडनात ते असतात. पण बेतानेच, कारण हात सैल सुटला की पदार्थ कडू होतो. १९८०च्या दशकात हाच दाणा मधुमेहावरील प्रयोगांचा विषय झाला, तेव्हा त्याचे माप पार बदलले. मेथीची कीर्ती घरोघरी पोहोचली. ते माप मात्र मागेच राहिले.

या इतिहासातील महत्त्वाचे ठिकाण म्हणजे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतील एका खोलीत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीचा अभ्यास सुरू केला. त्यातून वाढलेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादेत आली. उपासमार आणि अपुरे पोषण यांचा शोध घेण्यासाठी जन्मलेल्या या संस्थेपुढे पुढे मधुमेहाचाही प्रश्न आला.

१९९० साली शर्मा, रघुराम आणि राव यांनी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. समान उष्मांकाचे दोन आहार, प्रत्येकी दहा दिवस. एकात मेथी, दुसऱ्यात नाही. मेथीच्या आहारात उपाशीपोटीची रक्तशर्करा लक्षणीय उतरली आणि चोवीस तासांत लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. आता माप पाहा: तेल काढलेली मेथीपूड, रोज १०० ग्रॅम, दोन जेवणांत विभागून. चहाच्या एका चमच्यात सुमारे चार ग्रॅम दाणे मावतात. म्हणजे हे वजन पंचवीस चमच्यांचे झाले. हा मसाला नव्हता. ते अन्नच होते.

एवढ्या मात्रेचे कारण समजण्याजोगे आहे. मेथीदाण्याचा जवळपास निम्मा भाग तंतुमय असतो. त्यातील गॅलॅक्टोमॅनन पाण्यात फुगून दाट, बुळबुळीत लगदा होतो. अन्नाची श्यानता वाढली की जठर सावकाश रिकामे होते आणि ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत मंद गतीने पोहोचते. पण एवढ्याने सारे उलगडत नाही. १९९४ साली याच संस्थेच्या अभ्यासकांनी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांना रोज २५ ग्रॅम मेथी देऊन नंतर ग्लुकोज थेट शिरेतून दिले. तेथे आतड्याचा संबंधच नव्हता. तरीही रक्तातील ग्लुकोज अधिक लवकर कमी झाले. मेथीतील ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन हे अमिनो आम्ल इन्सुलिनच्या स्रवणाला चालना देते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

हे सारे प्रयोग लहान आणि अल्पकाळाचे होते. शिवाय १९९०च्या प्रयोगातील रुग्ण इन्सुलिनवर अवलंबून होते. प्रश्न आहाराचा होता, इन्सुलिन सोडण्याचा नव्हता. रात्री चमचाभर दाणे भिजवून सकाळी ते पाणी पिण्याच्या सल्ल्यात मात्र या प्रयोगांतील मात्राही उरलेली नाही, तंतूही बहुतांश दाण्यातच राहतात आणि प्रयोगाच्या मर्यादा तर कोणी सांगतच नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. त्यांच्यापैकी कोणी मेथीच्या भरवशावर औषध थांबवले तर त्याची किंमत डोळे, मूत्रपिंडे, प्रसंगी प्राण देऊन मोजावी लागते. उलट औषधे चालू असताना मोठ्या मात्रेत मेथी घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून डॉक्टरांना सांगूनच घ्यावी.

विद्यार्थी मित्रहो, ‘मेथीने साखर उतरते’ हे वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे. किती ग्रॅम, कोणत्या रूपात, किती दिवस आणि कोणत्या रुग्णांत, हे जोडले की मगच ते विज्ञानाचे विधान होते.