महिपतगड

महिपतगड : रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील एक गिरिदुर्ग व पदभ्रमणाचे अल्पपरिचित, शांत स्थळ. उंची ९०० मी.हून अधिक. खेडच्या पूर्वेस सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून सुटावलेल्या डोंगररांगेवर दक्षिणेस रसाळगड, मध्ये सुमारगड व उत्तरेस महिपतगड असे तीन दुर्ग असून, त्यांपैकी विस्ताराने सर्वांत मोठा असलेला हा गड कोतवाल, लाल देवडी, पुसाटी, यशवंत, खेड व शिवगंगा या सहा दरवाजांच्या नावांवरून आपल्या पूर्वीच्या बंदोबस्ताची साक्ष देतो. माथ्यावर दाट अरण्य माजले असून पारेश्वराचे मंदिर हे पांथस्थांचे मुक्कामाचे ठिकाण आहे. दहिवली व वाडी बेलदार या पायथ्याच्या वस्त्यांतून वर जाणाऱ्या वाटा रानात वारंवार फुटत असल्याने माहितगार स्थानिक वाटाड्या सोबत घेणे इष्ट ठरते. रसाळगडावरील झोलाईचे मंदिर व तोफा पाहून, सुमारगडाचा अवघड कातळ चढून महिपतगडास पोहोचणारी धारेवरची चाल कष्टाची खरी, परंतु कोकणचा डोंगरी मुलूख यथार्थपणे उमगण्यास तिच्याइतके उत्तम साधन विरळा. पावसाळ्यात कोकणातील अतिवृष्टीमुळे वाटा निसरड्या होत असल्याने हिवाळा हाच येथील भ्रमणास अनुकूल काळ होय.