उघडें मैदान आणि छपराखालचें रंगमंदिर

कोल्हापुरांत दोन वास्तू एकमेकींना पाठ लावून उभ्या आहेत. एक खासबागेचें कुस्तीमैदान. दुसरी, आरंभीं 'पॅलेस थिएटर' या नांवानें ओळखलें जाणारें केशवराव भोसले नाट्यगृह. पहिलीला छप्पर नाहीं. दुसरीची सारी मदार छपरावर आणि भिंतींवर. दोन्ही राजर्षि शाहू छत्रपतींच्या आज्ञेनें उभ्या राहिल्या आणि अवघ्या तीन वर्षांच्या अंतरानें पुऱ्या झाल्या. मैदान १९१२ सालीं, नाट्यगृह १९१५ सालीं. एकच प्रशस्त वास्तू उभारून तींतच कुस्ती आणि नाटक या दोहोंची सोय लावणें अशक्य नव्हतें. तसें झालें नाहीं. तें कां झालें नाहीं हें समजून घ्यावयाचें, तर या दोन ठिकाणीं काय वाजत असे तें आधीं ऐकलें पाहिजे.

कुस्तीच्या फडांत वाद्य हें केवळ शोभेला नसतें. दोन मल्ल सलामी देऊन एकमेकांभोंवतीं फिरूं लागले कीं हलगी संथ बोलते. एकानें पट काढला, कीं तिची चाल चढते. आणि कोणी पाठीवर जाण्याच्या बेतांत असला म्हणजे ठोके इतके दाट पडतात कीं शेवटच्या रांगेंतल्या माणसालाही मान उंचावण्यापूर्वींच कळतें, आतां कांहींतरी होणार. हलगीवाल्याचे डोळे स्वतःच्या हातांवर कधींच नसतात. ते हौद्यांत खिळलेले असतात. एका हातांत कडें आणि बारीक काडी, दुसऱ्या हातांत जाड टिपरूं, एवढाच त्याचा सरंजाम. त्याच्या जोडीला घुमक्याचा खर्ज आणि कैताळांची झणझण. हीं वाद्यें ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जतन केलीं ते कलावंत बहुतेक गांवकुसाबाहेरच्या समाजांतले. त्याच समाजांसह सर्व मागासलेल्या वर्गांसाठीं संस्थानांतील निम्म्या जागा राखून ठेवण्याचा महाराजांचा हुकूम २६ जुलै १९०२ रोजीं निघाला, ही गोष्ट येथें जातां जातां लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

हलगीचा आवाज कोरडा, टोकदार आणि क्षणांत विरणारा. कडें लहान, त्यावर बकऱ्याचें कातडें ताणलेलें. हवा दमट झाली कीं तें सैल पडतें आणि आवाज बसतो. म्हणून वाजविण्यापूर्वीं मूठभर पाचट पेटवून हलगी शेकतात. कातडें तापून ताठ झालें, बोटानें टिचकी मारून तें कबूल केलें, कीं मगच ती गळ्यांत जाते. अशा वाद्याला बंदिस्त दालन मानवत नाहीं. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर चालतो. वादकापासून ३४ मीटरवर उघडीनागडी भिंत असेल, तर तिच्यावर आपटून परत येणारा ठोका सेकंदाच्या पांचव्या हिश्शानें मागाहून कानीं पडतो. हलगीच्या द्रुत चालींत तेवढ्या अवधींत दुसरा ठोका पडून गेलेला असतो. मग वाजलेला ठोका कोणता आणि परतलेला कोणता, याचा मेळ लागत नाहीं. चाल चढली तरी ती चढल्याचें कोणाला कळत नाहीं, नुसता कल्लोळ उरतो. उघड्या मैदानांत हा प्रसंगच येत नाहीं. आवाज एकदां निघाला कीं तो माणसांत मुरतो, उरलासुरला आभाळांत जातो. दाटीवाटीनें बसलेला जनसमुदाय आवाज शोषून घेण्यांत कोणत्याही जाड पडद्याला हार जात नाहीं.

खासबागेच्या रचनेमागें रोमच्या कलोझियमची प्रेरणा होती, हें सर्वश्रुत आहे. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त महाराज १९०२ सालीं विलायतेस गेले, त्या प्रवासांत त्यांनीं तें पाहिलें. इसवी सन ८० मध्यें खुलें झालेलें तें लंबवर्तुळाकार प्रेक्षागार चार मजल्यांचें, सुमारें पन्नास हजार माणसें सामावणारें. तेंही छपराविनाच, मात्र ऊन फार झालें म्हणजे रोमन आरमाराचे खलाशी दोर ओढून प्रेक्षकांच्या डोक्यावर कापडी छत पसरीत. महाराजांनीं तेथून गोलाकार आणि चढती बैठक तेवढी उचलली. कमानींवर कमानी रचून भिंत आकाशांत नेण्याच्या भरीस ते पडले नाहींत. १९०७ च्या सुमारास सुरू झालेलें काम १९१२ त पुरें झालें. मध्यें तांबड्या मातीचा हौदा आणि सभोंवार उतरती बैठक, अशी ती साधी योजना. कोणीही कोठेंही बसो, पुढच्याच्या डोक्यावरून त्याला हौदा दिसलाच पाहिजे. तीस हजारांहून अधिक माणसें तेथें बसूं शकतात असें मानतात. एवढ्या समुदायाला निकाल कळवावयास त्या काळीं ध्वनिक्षेपक नव्हता. तें काम हलगी करी.

मैदानाच्या उद्‌घाटनाची मुख्य कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यांत झाली व ती इमामबक्षनें जिंकली. हा इमामबक्ष म्हणजे जगद्विख्यात गामाचा धाकटा भाऊ. दोघे बंधू दोनच वर्षांपूर्वीं, १९१० सालीं, लंडन गाजवून आले होते, आणि तेथला अनुभव प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें मोठा मासलेवाईक आहे. गामानें अमेरिकन मल्ल डॉक्टर रोलर याला चीत केलें तें आल्हम्ब्रा नांवाच्या एका नाट्यगृहांत, रंगभूमीवर. पुढें झिबिस्कोशीं त्याची गांठ पडली ती शेफर्ड्‌स बुशच्या उघड्या क्रीडांगणांत. तेथें झिबिस्को पालथा पडून राहिला आणि अडीच तासांहून अधिक काळ ओढाताण होऊनही निकाल लागला नाहीं. म्हणजे विलायतेंत कुस्ती कधीं नाटकगृहांत शिरे, कधीं मैदानांत येई. तिला स्वतःचें असें घर नव्हतें. कोल्हापुरांत तिला तें मिळालें.

आतां भिंतीपलीकडे वळावें. नाट्यगृह होण्यापूर्वीं नाटकमंडळ्या बहुधा तट्ट्यांच्या आणि कनातींच्या मांडवांत खेळ करीत. गायकनटाला अशा मांडवांत घसा फोडावा लागे, कारण कापड आणि बांबू आवाजाला परत पाठवीत नाहींत. संगीत नाटकाला नेमकें हलगीच्या उलट हवें असतें. गाणाराचा स्वर जवळच्या भिंतीवरून सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आंत परत आला, तर कान त्याला वेगळा मानीत नाहीं. मूळ स्वरांतच तो मिसळतो आणि स्वर भरदार होतो. ज्या परतीच्या आवाजानें ठोक्यांचा चुथडा होतो, त्याच आवाजानें आलापाला अंग येतें. अल्लादियाखांसारखा गायक ज्या दरबारांत पंचवीसांहून अधिक वर्षें होता, त्या दरबाराला हें शास्त्र पुस्तकांतून शिकावयाची आवश्यकता नव्हती. तें कानानेंच कळलेलें होतें.

या रंगमंदिराला पुढें ज्यांचें नांव मिळालें ते केशवराव भोसले मूळचे कोल्हापूरचेच. ९ ऑगस्ट १८९० चा त्यांचा जन्म. वयाच्या अठराव्या वर्षींच, १९०८ त, 'ललितकलादर्श' मंडळी त्यांनीं काढली. उंच पट्टीचा, धारदार आणि लांबवर जाणारा असा त्यांचा आवाज. एकदां त्यांनीं नाटक बंदिस्त रंगभूमीवर न करतां खासबागेच्या उघड्या मैदानांत केलें, आणि ध्वनिक्षेपक नसतांनाही त्यांचें पद दूरवर ऐकूं गेलें, असें कोल्हापुरांत आजही अभिमानानें सांगतात. या आठवणींत अभिमानाचा भाग किती हें बाजूला ठेवलें, तरी तिचा रोख स्पष्ट आहे. मैदानांत गाणें ऐकूं जाणें हा नेहमींचा व्यवहार नव्हता. म्हणूनच तें लोकांच्या ध्यानांत राहिलें. हलगी मैदानांत ऐकूं गेली हें कोणी आठवण म्हणून सांगत नाहीं. केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारले. पुढच्याच वर्षीं ६ मे रोजीं महाराजही गेले. नाट्यगृहाला केशवरावांचें नांव १९५७ त देण्यांत आलें.

महाराजांनीं घालून दिलेली ही वांटणी त्यांच्या पश्चात् फार दिवस अबाधित राहिली नाहीं, आणि ती आधीं मोडली कुस्तीनें. खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, शिक्षणानिमित्त कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत आलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें कुस्त्या अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्यें झाल्या. तेथें ते सहावे आले. त्या वारीला कोल्हापूरच्या छत्रपतींचें साहाय्य होतें. १९५२ सालीं हेलसिंकीला जावयाचें, तर पैशाची पुन्हां तीच चणचण. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तेथेंही कुस्त्या मेस्सुहाल्लि नांवाच्या बंदिस्त प्रदर्शनगृहांतच होत्या. खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हा पराक्रम सांगतांना मातीऐवजीं गादी होती, एवढेंच बहुधा सांगितलें जातें. परंतु पायाखालच्या मातीइतकीच कानावरची हलगीही नाहींशी झाली होती. तांबड्या मातींत वाढलेल्या मल्लाला आपण कधीं जोर करावा आणि कधीं दम खावा, हें हलगीच्या चालीवरून समजण्याची संवय असते. तेथें पंचाची शिटी आणि भिंतीवरचें घड्याळ, एवढेंच ऐकावयाचें आणि पाहावयाचें. त्या सभागृहांत हलगी नेली असती तरी काय झालें असतें, हें वरच्या हिशेबावरून कोणालाही ताडतां येईल.

हीच अडचण पुढें सातासमुद्रापलीकडे निराळ्याच मंडळींना भोंवली. अमेरिकेंत ढोल आणि पितळी तुताऱ्यांच्या तरुण पथकांचे मोठे सामने होतात. त्यांची राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा १९७२ पासून भरते. दीर्घकाळ ती उघड्या क्रीडांगणांतच होई. पाऊस आला कीं विचका ठरलेला. २००९ पासून ती इंडियानापोलिस येथील छपराच्या भव्य क्रीडागारांत आली. पावसाची भीति गेली. परंतु जाणकारांची कुरकुर सुरू झाली, कीं ढोलाचे ठोके समोरच्या भिंतीवरून परतून एकमेकांत मिसळतात आणि पथकानें मेहनतीनें घोटलेली सफाई श्रोत्याच्या कानापर्यंत पोंचतच नाहीं. वादकांनाही ऐकूं आलेल्या आवाजावर विसंबून चालत नाहीं. संचालकाच्या हाताकडे पाहावें लागतें. उघड्यावरच्या पावसापेक्षां छपराखालचा प्रतिध्वनि बरा कीं वाईट, हा वाद तेथें अजून मिटलेला नाहीं. खासबागेच्या हलगीवाल्याला विचारलें असतें, तर त्यानें आभाळाकडे बोट दाखविलें असतें.

मात्र उघड्या मैदानाचा कैवार घेतांना त्याची उणीव झांकूं नये. कोल्हापुरीं पाऊस लागला कीं चार महिने मैदानाला मुकावें लागतें. हौदा झांकून ठेवतात. हलग्या खुंटीला जातात. कुस्तीचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा, जत्रांचा. पावसाळ्यांत शहराला कांहीं ऐकावयाचें असे, तें नाट्यगृहांत. एक मिटे तेव्हां दुसरें उघडें असे, आणि या सोयीमुळें शंभराहून अधिक वर्षें कोल्हापूरकरांचे कान कधीं रिते राहिले नाहींत.

म्हणूनच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं जें घडलें तें शहराच्या जिव्हारीं लागलें. केशवरावांची जयंती दुसऱ्या दिवशीं होती. नाट्यगृहाला आग लागली आणि कांहीं तासांत रंगमंच, आसनें, छप्पर जळून गेलें. लोक रस्त्यावर उभे राहून पाहात होते आणि अनेकांना रडूं आवरत नव्हतें. पाठीमागचें मैदान, ज्याला जळावयास छप्परच नव्हतें, तेवढें आपल्या जागीं राहिलें.

त्यानंतर नाट्यगृह पूर्वीच्या रूपांत पुन्हां बांधण्याचा निर्णय झाला. दगड बसवितां येतो, नक्षी जुन्या छायाचित्रांवरून कोरतां येते. परंतु सुरांना अंग देणारी वास्तु केवळ दगडानें होत नाहीं. छपराची उंची, त्याखालच्या लाकडाची जात, आसनांवरचें कापड, भिंतींचा गिलावा, यांतल्या एकानेंही स्वर बदलतो. ध्वनिक्षेपक बंद ठेवून एखाद्या गायकानें त्या रंगमंचावरून पद म्हणावें आणि शेवटच्या रांगेंतल्या म्हाताऱ्या रसिकानें मान डोलवावी, तेव्हांच या कामाचा निवाडा होईल. पलीकडे दिवाळीनंतर हौद्यांतली तांबडी माती उकरली जाते, तींत ताक, तेल, लिंबू आणि हळद कालवितात, आणि कडेला कोणीतरी पाचटाच्या जाळावर हलगी धरून बसलेला असतो.